एका पट्ट्यावर तिघी

श्रमपट्टा हातात आला तेव्हा नागमणी बुर्लानं सुपरवायझरला एकच प्रश्न विचारला.

"हा काढता येतो का?"

"येतो. अंघोळीला, चार्जिंगला," मल्लिनाथ हत्तुरे म्हणाले. "पण कामावर काढायचा नाही. दुसऱ्याच्या हातावर गेला की यंत्राला कळतं."

"येतो ना काढता? मग झालं," नागमणी म्हणाली आणि पट्टा मनगटावर चढवून फडका पिळायला लागली.

सोलापूरच्या विडी घरकुलात वाढलेल्या बाईनं दुसरं काय विचारावं? तिच्या लहानपणी कारखान्याचं कार्ड एकीच्या नावावर असे आणि विड्या घरातल्या साऱ्या जणी वळत. आई पानं कापायची, आत्या तंबाखू भरायची, शेजारीण दोरा बांधायची आणि माल द्यायला मात्र कार्डावर नाव असलेली एकटी जायची. कारखाना समजायचा, काय हात आहे बाईचा! घरकुलाच्या हिशोबी कार्ड म्हणजे चूल. ज्याला गरज त्यानं आपलं भांडं चढवावं.

नागमणीची चूल म्हणजे शहरातल्या एका अकरा मजली रुग्णालयातली सफाईची जागा. रुग्णालयाचं सफाईशी काही देणंघेणं नव्हतं, ते 'लखलख सेवा' नावाच्या कंत्राटदाराला देऊन टाकलेलं. पाळी बारा तासांची. बसायला खुर्ची नाही. जेवायचं ते जिन्याखाली बादल्यांच्या संगतीत, आणि मोठी लिफ्ट फक्त साहेबलोक, पेशंट व पेशंटच्या फुलांसाठी. पहिल्या आठवड्यातच नागमणीची कंबर धरली. ती काम सोडायला निघाली तेव्हा शेजारची जैबुन्निसा म्हणाली, "सोडतीस कशाला अक्का? दुपारची मी जाते. मला पण चार पैसे होतील." समोरच्या पारूबाई लोखंडेला संध्याकाळी मोकळा वेळ होता आणि घरात अंथरुणाला खिळलेली सासू होती. तीही आली. जागा एक, पगार एक, बाया तीन. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, अंगात निळा गाऊन. उघडे राहायचे ते डोळे. हत्तुरेंना दिवसातून डोळ्यांच्या तीन वेगळ्या जोड्या दिसत. पण त्या मजल्याबद्दल तक्रार येत नव्हती, आणि तक्रार नसली की हत्तुरेंची नजर आपोआप अधू व्हायची.

मग पट्टा आला.

दिसायला तो घड्याळासारखा, फक्त त्यात वेळ दिसत नसे. आतून मांजराच्या जिभेसारखा खरखरीत. ती खरखर केसाहून बारीक सुयांची होती. त्या टोचत नसत, घाम तेवढा चाखत. माणूस राबू लागला की स्नायूंतून एक आम्ल सुटतं, ताण चढला की रक्तात एक संप्रेरक वाढतं, आणि दोन्हींचा अंश घामात उतरतो. त्याच्या जोडीला नाडीचे ठोके आणि चालण्यातला तोल. या साऱ्याचं गणित मांडून पट्टा एक रेषा काढत राही, थकव्याची. रेषा खाली असताना कुणी टेकलं तर पट्टा मनगटावर गुरगुरायचा: ऊठ, तुझ्यात अजून शिल्लक आहे.

चोरी पकडायचीही सोय होती. प्रत्येकाच्या रक्तवाहिन्या कमीजास्त ताठर असतात, त्यामुळं नाडीची लाट ज्याची त्याची वेगळी, सहीसारखी. पहिले पंधरा दिवस पट्टा मालकिणीची ही सही शिकायचा, ती दिवसभरात कशी बदलते ते ध्यानात घ्यायचा, आणि पुढं दुसऱ्या कुणाच्या हातावर गेला की 'अनोळखी' म्हणून बोंब ठोकायचा. बनवणाऱ्यांनी सगळा विचार केला होता. शिकण्याच्या पंधरवड्यातच पट्टा तीन हातांवरून फिरेल, एवढं मात्र 'लखलख'च्या पुण्यातल्या प्रयोगशाळेत कुणाच्या डोक्यात आलं नाही. यंत्र शिकलं ते असं: नागमणी बुर्ला नावाची एक बाई आहे. सकाळी तिची नाडी एक असते, दुपारी दुसरी, संध्याकाळी तिसरी. असेल एखादीचं असं. यंत्रानं तिन्ही सह्या तिच्याच नावावर लावल्या आणि विषय संपवला.

राज्यभरातल्या हजारो बायांच्या रेषा दुपार कलायच्या आत आभाळाला भिडत. नागमणीची रेषा थोडी चढायची, धपकन खाली यायची, पुन्हा थोडी चढायची. 'लखलख'चे मालक समरजित रणदिवे यांनी ती रेषा पाहिली आणि त्यांना तीत फक्त फायदा दिसला. बारा तास राबून संध्याकाळी सकाळसारखी ताजी! त्यांनी तिला नाव दिलं 'अथक', आणि ठरवलं की हेच माप. एक बाई करू शकते तर बाकीच्या का नाही?

ही बाई अशी कशी, हे शोधायला पट्ट्याच्या शास्त्रज्ञ डॉ. मैत्रेयी उपासनी स्वतः घरकुलात आल्या. त्यांनी नागमणीची लाळ घेतली, नखं घेतली, पाणी कुठलं पिता ते विचारलं. जैबू चहा घेऊन आली, पारू शेजारी बसून मान डोलवत राहिली. ज्यांच्या शोधात बाई पुण्याहून आल्या होत्या त्यातल्या दोन-तृतीयांश त्यांना साखर किती घालू म्हणून विचारत होत्या.

"खाण्यात काय असतं?" उपासनींनी विचारलं.

"कडक भाकरी," नागमणी म्हणाली. खोटं बोलायची सवय नसल्यानं तिला पुढचं सुचेना.

"आणि शेंगाची चटणी," जैबूनं भर घातली. "लई ताकद. आमची अक्का चटणीवरच आहे."

डॉक्टरीणबाईंनी हे लिहून घेतलं. उपासनींच्या दृष्टीनं ती शंभरातली एक नोंद होती, पण रणदिव्यांनी नेमकी तीच उचलली, कारण बाकीच्या नव्याण्णवांपेक्षा ती स्वस्त होती. महिन्याभरात 'लखलख'च्या प्रत्येक कामाच्या जागी दुपारी वाटीभर शेंगाची चटणी मिळू लागली. चटणीबरोबर नवं मापही आलं. आता थकवा 'अथक' रेषेच्या वर गेला तरी पट्टा गुरगुरत राही. थकलीस म्हणजे आळशी, बसलीस म्हणजे त्याहून आळशी. आणि तीनदा मापात कमी पडली तिच्या नावापुढं 'अपात्र'. पट्ट्याचा हिशोब साऱ्या कंत्राटदारांत वाटला जाई, तेव्हा एका ठिकाणची अपात्र ती सगळीकडची.

नागमणीची छबी मात्र रुग्णालयाच्या दारात लागली, इथं आणि बाकीच्या गावांतही. हातात मॉप, ओठांवर हसू, खाली 'ती थकत नाही'. माणसं थांबून बघायची. वॉर्डातल्या नर्सबाई तिला नावानं हाक मारू लागल्या, एका डॉक्टरनं चक्क मोठ्या लिफ्टमधून नेलं. नागमणीला ते आवडलं. का आवडू नये? पन्नाशीला टेकलेल्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा कुणी दार उघडून धरलं होतं. ती आता केसांना दोनदा फणी फिरवू लागली.

"फोटो तुझा, गुडघे माझे," पारू एकदा म्हणाली.

"लागली का तुझी जळजळ?"

"जळजळ कशाची? त्या फोटोत माझे गुडघे दाखवले असते तर कुणी मॉपसुद्धा विकत घेतला नसता."

जैबू हसली, नागमणीही हसली, पण त्या दिवशी पट्टा हातातून हातात जाताना तिघींनी एकमेकींकडं पाहिलं नाही.

पुण्यात सोहळा ठरला. नागमणीला 'अथक' पुरस्कार, आणि त्याच मंचावर राज्यातल्या सगळ्या मोठ्या रुग्णालयांशी नवा करार: प्रत्येक जागेवर अथक दर्जाची सफाई. विजेतीनं घरची दोन माणसं आणावीत असं निमंत्रणात होतं. "मग आम्हीच की," जैबू म्हणाली. "आमच्याइतकं घरचं कोण हाय?"

सोहळ्याआधीच्या रविवारी फोन आला. परभणीच्या एका रुग्णालयातून, वत्सला कांबळे नावाच्या मुलीचा. आवाज विशीचा.

"तुम्हीच का त्या फोटोतल्या?"

"हो. बोल की."

"मावशी, एक विचारायचं होतं. तुम्ही खाता काय, ते खरं सांगा ना. चटणी आम्ही पण खातो. रोज खातो. मला पाचवा महिना हाय. जिन्यात टेकले की पट्टा गुरगुरतो. दोनदा कमी पडले, आता तिसऱ्यांदा पडले तर कुठंच काम नाही. तुमचं काहीतरी दुसरं असंल. काढा असंल, मुळी असंल. मी कुणाला सांगणार नाही."

शिव्या दिल्या असत्या तर नागमणीनं दोन परत दिल्या असत्या. पण ही पोर विश्वासानं विचारत होती.

"सांगते," ती शेवटी म्हणाली. "पुढच्या आठवड्यात सांगते. तोवर बस तू. गुरगुरू दे त्याला."

तिनं जैबूला आणि पारूला बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. "मंचावर जाऊन खरं बोलायचं," ती म्हणाली.

पारू भडकली. "वा. फोटो काढून झाला, लिफ्टमधून फिरून झालं, आता धर्म आठवला. तिघी अपात्र होऊ. माझ्या सासूची औषधं परभणीची पोर आणणार का?"

"पारू, तिच्या हातावर तुझे गुडघे मोजायलेत. माझी कंबर मोजायलेत. तिला तिघींइतकं राबवायलेत आणि ती एकटी हाय. दीड म्हण."

पारू उठली, घरी गेली, सासूला कुशीवर वळवलं, आणि परत येऊन उंबऱ्यात उभी राहिली.

"नुसतं बोललीस तर कोण ऐकणार?" ती म्हणाली. "चोरी केली म्हणतील, दोन शिपाई बोलावतील, मंचावरून उतरवतील. बोलू नकोस. दाखव."

"कसं?"

"जसं रोज करतो तसं," पारू म्हणाली. "माणसाला खोटं पाडता येतं. त्यांच्या यंत्राला ते कसं खोटं पाडतील?"

जैबूनं टाळी दिली. इतके दिवस गुडघ्यांचीच गाऱ्हाणी सांगणाऱ्या पारूकडं एवढं डोकं शिल्लक होतं हे कुणी जमेत धरलेलंच नव्हतं.

पुण्याच्या सभागृहात गार हवा आणि गुबगुबीत खुर्च्या होत्या. पुढच्या रांगेत रुग्णालयांची मंडळी, त्यात सोलापूरच्या रुग्णालयाच्या प्रमुख डॉ. बिराजदार. मागं हत्तुरे, नव्या सफारीत, कपाळाला घाम. गाडीत तिघींनी त्यांना बेत सांगितला तेव्हापासून ते देवाचं नाव घेत होते, अधूनमधून तिघींचंही.

रणदिवे भारदस्त बोलले. मग मंचावर मॉप आला, बादली आली, आणि मागच्या भिंतीएवढ्या पडद्यावर नागमणीची रेषा उमटली. "आता आपण प्रत्यक्ष पाहू," रणदिवे म्हणाले. नागमणी पुसू लागली. गार हवेतही तिला घाम फुटला. रेषा भराभर चढली, मापाच्या वर गेली, लाल झाली. सभागृहात चुळबुळ.

"घाबरल्यात," रणदिवे हसून म्हणाले. "नागमणीताई, आपलीच माणसं आहेत."

"थकले साहेब," नागमणी म्हणाली. मॉप भिंतीला टेकवला, मनगटावरचा पट्टा सोडला आणि पायऱ्यांपाशी आलेल्या जैबूच्या हातात दिला. जैबूनं तो बांधला. पडदा क्षणभर कोरा झाला. मग भल्यामोठ्या अक्षरांत उमटलं: नागमणी बुर्ला. ओळख पटली. थकवा नाही.

मागून कुणीतरी खुदकन हसलं.

जैबूनं मॉप घेऊन मंचाची दुसरी बाजू पुसली, पदरानं तोंड पुसलं आणि पट्टा पारूला दिला. पुन्हा कोरा पडदा. पुन्हा: नागमणी बुर्ला. ओळख पटली. थकवा नाही.

आता हसणं एका जागी राहिलं नव्हतं.

"हा पट्टा बिघडलाय," रणदिवे म्हणाले. आवाजातला भारदस्तपणा निम्म्यावर आला होता.

"मग तुम्ही बांधून बघा की साहेब," पारू म्हणाली आणि अत्यंत अदबीनं पट्टा पुढं केला. नाही म्हणायची सोय नव्हती. रणदिव्यांनी बांधला. यंत्रानं विचार केला, आणि मालकाच्या मनगटावर गुरगुरत जाहीर केलं: अनोळखी व्यक्ती.

सभागृह हशानं फुटलं. त्या गदारोळात डॉ. उपासनी जागेवरून उठल्या. त्या हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या.

"मी चार महिने या बाईंच्या भाकरीच्या पिठावर संशोधन करतेय," त्या माईकवर म्हणाल्या. "आणि त्या दिवशी तिघींच्या मध्ये बसून चहा प्याले. यंत्र नादुरुस्त नाहीये. त्यानं अगदी खरं सांगितलं. सफाई इतकी नीट व्हायची आणि करणाऱ्याचा जीव शाबूत राहायचा तर चार-चार तासांनी ताजा माणूस लागतो. चटणीचा काही संबंध नाही. चटणी चांगली होती."

रणदिवे खालच्या आवाजात म्हणाले, "ही फसवणूक आहे. तिघींना आजच्या आज काढतो."

"काढा," नागमणी म्हणाली. तिच्या हाताशी माईक होता हे तिला माहीत होतं. "पण काढताना काय सांगणार? यंत्र फसलं म्हणून? मग ते इथं कुणाला विकायलात? आणि यंत्र खरं म्हणाल, तर अथक म्हणजे आम्ही तिघी. एकीला काढलं तरी तुमची अथक शिल्लक राहत नाही."

रणदिव्यांच्या एका हातात यंत्राचा धंदा होता, दुसऱ्या हातात तीन बाया, आणि दोन्ही हात एकाच वेळी उचलता येत नव्हते.

डॉ. बिराजदार उभ्या राहिल्या. "माझ्या त्या मजल्यावर टाके चिघळणारे पेशंट निम्म्यानं कमी झालेत. कारण आज कळलं. करारात अथक दर्जा लिहिलाय, मला तोच हवा. एका जागेला तिघी, तिघींच्या नावानं. आणि पगार तीन, पूर्ण. एका पगाराचे तीन तुकडे चालणार नाहीत. वाढीव दर रुग्णालय देईल. चिघळलेला टाका मला त्याहून महाग पडतो."

"आम्हालाही तसंच," परभणीचे एक डॉक्टर म्हणाले. मग लातूरच्या बाई. मग नुसते हात वर होऊ लागले.

रणदिवे धंदेवाईक माणूस होते आणि धंदेवाईक माणसाला वारा कळतो. त्यांनी घसा साफ केला, मनगटावरचा गुरगुरणारा पट्टा सोडून खिशात टाकला आणि माईक हातात घेतला. "मित्रहो," ते म्हणाले, "हेच आजचं सरप्राइज होतं. लखलख सेवा सादर करत आहे, त्रिपाळी अथक योजना."

टाळ्या कडाडल्या. जैबू नागमणीच्या कानाशी लागली. "अक्का, कल्पना त्याची निघाली बघ."

"निघू दे," नागमणी म्हणाली. "नाव कुणाचंही असू दे कार्डावर."

मागच्या रांगेत हत्तुरे रुमालानं मान पुसत शेजाऱ्याला सांगत होते की, मला पहिल्यापासून माहीत होतं. आणि गंमत अशी की ते खरं होतं.

हिवाळा लागेपर्यंत करार झाले. 'अपात्र'ची यादी पुसली गेली, ही अट डॉ. उपासनींनी घातली होती. नाहीतर यंत्राची पुढची दुरुस्ती करायला त्या तयार नव्हत्या. पट्ट्याला नवी शिकवण मिळाली. आता रेषा लाल झाली की तो बसलेल्या बाईवर गुरगुरत नाही, उभ्या बाईवर गुरगुरतो. जिन्याखालच्या बादल्या हलल्या आणि पाचव्या मजल्यावर खिडकीची एक खोली बायांना मिळाली. तिघींना तिघींच्या नावाचे नवे पट्टे आले. जुना परत मागितला तेव्हा पारूनं सांगितलं, हरवला. तो त्या खोलीत खिळ्याला टांगलाय. कधीमधी एखादी नवी बाई गमतीनं बांधते आणि तो तिला अनोळखी म्हणतो. दारातल्या फोटोच्या जागी आता तिघींचा फोटो आहे, आणि त्यात पारूनं हट्टानं गुडघे दाखवायला लावलेत.

एका दुपारी नागमणीचा फोन वाजला. परभणीहून. मागं तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू येत होतं.

"मावशी, पुढच्या महिन्यात कामावर परत घ्यायलेत. चार तासांची पाळी," वत्सला म्हणाली. "तुम्ही सांगते म्हणाला होता, ते राहिलंच. खाता काय तुम्ही?"

नागमणीनं समोर पाहिलं. खिडकीतून ऊन आलं होतं. जैबूनं डबा उघडला होता, पारूनं पाय लांब करून शेजारच्या खुर्चीवर टाकले होते.

"चटणीच गं," ती म्हणाली. "पण आता बसून खातो."